गिरजाबाईची भिंत

रस्त्याची आखणी करणारे आले आणि आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवर तांबड्या रंगानं फुली मारून गेले. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो, डबा हातात, चपला पायात. फुली बघून जागच्या जागी उभा राहिलो आणि चाकणची कंपनीची बस हायवेवरून निघून गेली. खाडा पडला तो पडला, वर सुपरवायझरची बोलणी. पण त्या दिवशी मला काही सुचतच नव्हतं. नवा रस्ता होणार हे अख्ख्या पुनावळ्याला ठाऊक होतं. तो आमच्या चुलीवरून जाणार हे मात्र आम्हालाच शेवटी कळलं.

आमचं घर म्हणजे वाडा-बिडा नव्हे. तीन खणांचं, मातीच्या भिंतींचं, कौलारू. पुढं ओटा, मागं मोरी आणि एक शेवग्याचं झाड. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले, त्यांच्या गॅलरीतून लोक आमच्या कौलांकडं बघत चहा पितात. गावातल्या बाकीच्यांनी जमिनी दिल्या, बंगले बांधले, गाड्या घेतल्या. आम्हाला जमीनच एवढीशी, की विकून एका लग्नात संपली. उरलं ते हे घर. आणि घराला नाव होतं. रिक्षावाल्याला 'गिरजाबाईकडं' म्हटलं की जुना असेल तर पुढं काही विचारत नसे.

गिरजाबाई माझी आजी. सुईण होती. पिंपरी-चिंचवडात कारखाने उभे राहिले तेव्हा बीड, सांगली, खानदेश, कुठून कुठून माणसं आली. गडी कंपनीत आणि बाई काळेवाडीच्या पत्र्याच्या खोलीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण माहेर पडलं लांब, नवऱ्याला रजा नाही, संगती जायला कुणी नाही. असल्या बायका बैलगाडीत बसून, सायकलच्या कॅरिअरवर बसून आजीकडं यायच्या. आजी त्यांना बाराव्यापर्यंत ठेवून घ्यायची. शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा, सगळं लेकीचं करावं तसं. बाळाचं नाव ठेवलं की खणानारळानं ओटी भरून बोळवण. निघताना ती बाई गेरूत हात बुडवायची आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर ठसा उठवायची. हे कुणी सुरू केलं कुणास ठाऊक. भिंत जमिनीपासून हात पुरेल तिथपर्यंत हातांनीच भरलेली होती. काही ठसे इतके लहान, की ती पोरगी स्वतःच पोर असणार.

पुढं दवाखाने झाले, बाळंतिणी यायच्या थांबल्या, आजी गेली. भिंत राहिली. माझे वडील भैरू, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ते त्या भिंतीला खिळा ठोकू देत नसत. कॅलेंडर लावायचं म्हटलं तरी अंगावर यायचे.

फुली पडल्यावर महिन्याभरानं वर्षाली आली. जुन्या इमारतींचं शिकलेली पोरगी, हातात मोजायची टेप, गळ्यात कॅमेरा. पालिका जुन्या वास्तूंची यादी करतेय, गावठाणातली घरं बघते म्हणाली. ओटा बघितला, कौलं बघितली, वहीत काहीतरी लिहिलं. मग आतल्या खोलीत गेली आणि बाहेरच येईना. आई पाणी घेऊन गेली तर ही बया भिंतीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेली.

तिनं आम्हाला नीट समजावून सांगितलं. राजवाडे, देवळं तर सगळेच जपतात, पण ज्या बायकांच्या पोटी ही कामगारांची वस्ती जन्माला आली त्यांची खूण म्हणून एवढी एकच भिंत तिला सापडली होती. घर वारसा यादीत आलं तर रस्ता थोडा वळवता येतो. दारावर पाटी लागते. आण्णा तोवर गुडघ्यात मान घालून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं.

"आईचं नाव लागंल पाटीवर?"

लागेल म्हणाली. पण समितीनं येऊन भिंत डोळ्यांनी बघितली पाहिजे, आणि तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही.

झालं. आण्णांच्या अंगात वारं शिरलं. सत्तरीचा माणूस, गुडघे वाजतात, पण सकाळी उठून शिडीवर. मी पाळीवरून आलो की मलाही चढवायचे. एक-एक कौल काढायचं, फडक्यानं पुसायचं, फुटकं बाजूला, धड पुन्हा बसवायचं. किडलेले वासे बदलले. ओट्याचे निखळलेले दगड मातीत बसवले. माझ्या हाताला कंपनीत मशीनची सवय. कौलानं बोटं सोलून निघाली. आण्णा मला हसायचे. तुझा पगार मोठा आणि कातडी पातळ, म्हणायचे.

आणि सारखी एक ताकीद. काम होईस्तोवर ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. पाहुण्यांत नाही, भावकीत नाही. नजर लागते. माझ्या बायकोनं, दिव्यानं, एकदा विचारलं की निदान आत्याला तरी सांगूया का, तिच्या आईचं नाव लागणार आहे. आण्णा म्हणाले, केसरच्या तोंडात तीळ भिजत नाही, पाटी लागली की तिलाच नारळ फोडायला बोलवू.

समिती यायची तारीख ठरली आणि त्याच्या आधी अकरा-बारा दिवस आण्णा गेले. शेवटच्या ओळीची कौलं बसवून खाली आले, ओट्यावर बसले, चहा टाक म्हणाले. दिव्या चहा घेऊन आली तर मान कलंडलेली. मी तेव्हा कंपनीत होतो. फोन कानाला लावून मी लाइनवरच खाली बसलो. मला काय सांगतात तेच कळत नव्हतं, मी सारखा विचारत होतो की चहा घेतला का त्यांनी.

केसरआत्या त्याच संध्याकाळी आली. कामशेतच्या आत, डोंगराकडं तिचं सासर. आण्णांची एकुलती एक बहीण, धिप्पाड, गळा मोठा, हात त्याहून मोठा. रडली ती अशी रडली, की टॉवरचे लोक गॅलरीत आले. आणि रडून झाल्यावर पदर खोचून उभी राहिली. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं तरी ती घरी गेली नाही. आईला न्हाऊ घालायची, बळंच दोन घास भरवायची, माणसं भेटायला आली की त्यांच्यापुढं बसायची. खरं सांगतो, ती नसती तर त्या दिवसांत आम्ही उपाशी मेलो असतो.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर घाटावर गेलो. आत्याला पायऱ्या उतरवत नव्हत्या. ती म्हणाली, तुम्ही जावा, मी घराचं बघते. घराचं बघणं म्हणजे काय, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. दहाव्याला सुतक फिटतं, घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, हे जन्मल्यापासून बघत आलो. जमीन सारवली जाईल एवढंच माझ्या डोक्यात. आमच्याकडं जमीन शेणानं सारवतात आणि भिंती पांढऱ्या मातीनं पोतारतात, म्हणजे माती कालवून फडक्यानं लिंपतात. आण्णा असताना आतली ती भिंत सोडून बाकीचं पोतारून व्हायचं, ते स्वतः दारात उभे राहायचे. आता दारात उभं राहायला कोण होतं? हे मला सुचलं नाही. आईला सुचलं नाही. दिव्यालासुद्धा नाही, जिला एरवी सगळं सुचतं.

घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवून आम्ही लांब उभे. भटजी घाईला आलेले, त्यांच्या आणखी दोन क्रिया खोळंबलेल्या. चुलते म्हणाले नातवाचं शिक्षण करतो म्हण, मी म्हटलं. आईला सांभाळतो म्हण, म्हटलं. एक कावळा झाडावर बसून नुसता माना वेळावत होता. शेवटी मी पुढं गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, आण्णा, आजीच्या नावाची पाटी दाराला लावतो. तुम्ही निवांत जा. कावळा सरळ खाली आला. आई पदर तोंडात कोंबून रडली आणि मला त्या दहा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

घरी आलो तर लांबूनच ओल्या मातीचा वास. अंगण लख्ख, ओटा सारवलेला, दारात तांब्या भरून ठेवलेला. शेजारच्या दोघी बाया मोरीत हात धूत होत्या. आल्यागेल्यातल्या म्हाताऱ्या कौतुक करायला लागल्या, की घराला घरपण आलं. पुनावळ्यात आता शेण मिळत नाही, पांढरी माती तर नाहीच. आत्यानं ती कामशेतवरून पोत्यात भरून रिक्षानं मागवली होती.

आई पाय धुऊन आतल्या खोलीत गेली. मी मागून. आई उंबऱ्यात थांबली म्हणून तिच्या खांद्यावरून बघितलं.

भिंतीवर काही नव्हतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओली पांढुरकी माती, त्यावर फडक्याचे अर्धगोल फराटे. मी डोळे मिटून उघडले. चुकून दुसऱ्या खोलीत आलो की काय असं वाटलं, आणि आमच्या घराला दुसरी आतली खोली आहेच कुठं. मी दाराची चौकट धरली.

आत्या आत हात पुसत उभी होती. कोपरापर्यंत माती, कपाळावर माती, तोंडावर समाधान. म्हणाली, दादा पहिल्यापासून आळशी, किती वर्सं ह्या भिंतीला हात लावला नव्हता त्यानं, पोपडे आले होते. खुरप्यानं पोपडे काढले, ओल्या फडक्यानं धुऊन घेतली आणि मग दोन हात दिले. आता कशी दिसती बघा.

मी तोंड उघडलं. काय बोललो असतो देव जाणे, चांगलं नसतं बोललो. पण आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. ती आत्याला म्हणाली, "लई दमला वन्सं. च्या घ्या आदी."

मोरीत दिव्या उभी होती. तिथं बादली उपडी केलेली आणि फरशीच्या सांदीत तांबूस पाणी साचलेलं. दिव्या ते बघत होती, मला बघून तिनं पाण्याचा तांब्या ओतला आणि ते लोटून दिलं.

वर्षालीला फोन मीच केला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ती कशीबशी संध्याकाळपर्यंत पोचली. आत्या तेव्हा देवळात दिवा लावायला गेली होती. पोरगी खोलीत गेली, भिंतीपाशी बसली, एका कोपऱ्यात नखानं जरासं उकरून बघितलं. वरून नुसता चुना दिला असता तर काढता आला असता, म्हणाली. आधी खरवडलं का? मी हो म्हटलं. धुतलं? हो. मग तिनं उकरणं थांबवलं. तिच्याकडं फोटो होते, मापं होती, पण समिती फोटोवर घर धरत नाही, वास्तू उभी पाहिजे. परवा समिती येणार, तारीख पुढं ढकलायची सोय नाही, ह्या यादीतलं आमचं घर शेवटचं. ती काय करते बघतो तर ती रडत होती. परक्याची पोर, माझ्या आजीच्या भिंतीसाठी रडत होती, आणि मला रडूही येत नव्हतं. मला नुसता संताप येत होता आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अशा वेळी दादासाहेब हजर नसतील तर ते दादासाहेब कसले. आमच्या भावकीतले, जमिनींच्या दलालीवर मोठे झालेले, पुढच्या निवडणुकीला उभं राहायची हौस. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली होती. ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, एवढं तोंड पाडून काय बसलाय राव. बचत गटाच्या वीस-पंचवीस बायका आणतो. गेरू आणतो. तासाभरात भिंत भरते. वरून धुरी दिली की जुनी दिसती. समितीतला कोण बाळंतपणाला हजर होता का इथं?

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. घाटावर मी शब्द दिला होता, कावळा शिवला होता. मी उठून गेरू आणायला निघालोसुद्धा.

आई दारात आली. कपाळ मोकळं, ते बघायची मला अजून सवय झाली नव्हती. ती दादासाहेबांना शांतपणे म्हणाली, "त्या बायांनी कळा सोसल्या हुत्या भावजी. तवा त्यांचे हात उठले. तुमच्या बायांनी काय सोसलंय?"

दादासाहेबांनी चहा अर्धा टाकला. जाताना मला म्हणाले, तुझी आई घर घालवणार. मलाही तेच वाटत होतं.

समिती आली तेव्हा आत्याही घरातच होती. तिला वाटलं रस्त्याचेच लोक आले. चौघं होते, विजयश्री मॅडम म्हणून एक अधिकारी, एक म्हातारे आर्किटेक्ट, फायली धरणारा एक जण आणि मागं वर्षाली, मान खाली घालून. मॅडम सभ्य होत्या. आण्णा गेल्याचं ऐकून त्यांनी आईला नमस्कार केला. म्हाताऱ्या आर्किटेक्टनं कौलांकडं बघून विचारलं की कुणी बसवली, फार छान काम आहे. मी सांगितलं.

मग ते आत गेले. माती आता वाळली होती, भिंत गोरीपान झाली होती. चौघंही तिच्याकडं बघत राहिले. वर्षालीनं त्यांना आधीच कळवलं होतं. पण कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. मॅडमनी हातातले फोटो वर धरले, भिंतीकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितले. मग विचारलं, हे कुणी केलं?

आत्या दाराबाहेरच्या खणात चुलीपाशी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली. माझ्या जिभेवर तिचं नाव आलं होतं, एवढं आलं होतं की दातांनी अडवावं लागलं.

"मी पोतारून घेतली," आई म्हणाली.

मी आईकडं बघतच राहिलो. जन्मात कधी खोटं बोललेली बाई नाही. भाजीवाल्यानं चुकून जास्त घातलं तर परत करणारी.

मॅडमनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?

"म्हाईत हुतं."

मॅडमचा चेहरा कडक झाला. बरोबरच आहे. त्या म्हणाल्या की ही भिंत म्हणजेच हे घर होतं. ज्या बायकांचं नाव कुठंच नाही त्यांची ही एकच सही होती. आता हे घर चांगलं आहे, जुनं आहे, पण अशी घरं मावळात शेकड्यांनी आहेत. यादीत धरता येणार नाही. रस्त्याचं काम आता ठरल्याप्रमाणं होईल. एवढं बोलून त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, काकू, तुम्ही असं का केलंत?

आई म्हणाली दहाव्याला घर सारवतात. दुसरं काही तिनं सांगितलं नाही.

ते गेले. वर्षाली शेवटी निघाली, तिनं आईचे पाय धरले. तिला खरं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. पण आईच्या तोंडाकडं बघून तीही गप्प राहिली.

त्यांची गाडी वळली आणि माझा तोल गेला. मी आईवर ओरडलो. आण्णांचा जीव गेला ह्या घरापायी, मी घाटावर शब्द दिला, आणि तू जगाच्या तोंडावर स्वतःला काळं फासून घेतलंस. उद्या अख्खं गाव म्हणेल मंजुळाबाईनं सासूचं नाव पुसलं. करणारी ती आणि भरणारी तू? बोलता बोलता मी आत्याकडं बोट केलं आणि मग मला कळलं, की पोळी तव्यावर जळतेय.

आत्या लाटणं हातात धरून बसली होती. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. असलं तोंड मी तिचं आण्णांच्या मढ्यापाशीही बघितलं नव्हतं. ती हळूहळू उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीला दोन्ही हात लावून उभी राहिली. चाचपत होती, जणू काही खालून हाताला लागेल.

मग ती बोलायला लागली, आमच्याशी नव्हे, भिंतीशीच. माझी आई तर दर दिवाळीला पोतारायची. धुऊन, खरवडून. मी लहान होते, मी फडकं पिळून द्यायचे. एक बाई रडली होती, माझा हात पुसू नका म्हणून. आई म्हणाली, पुसला तर नवीला जागा व्हती बाई, माहेर काय एकटीचं असतंय? मी आईवानीच केलं. मला काय ठावं, आता नव्या येणार न्हाईत.

मला ठाऊक नव्हतं हे. आण्णांना ठाऊक होतं का, ते तरी कोण सांगणार. जी भिंत आम्ही देवासारखी जपली ती आजीनं स्वतः दरसाल पुसली होती. शेवटचं पोतारलं त्या दिवाळीनंतर जेवढ्या आल्या तेवढेच ते हात, आजीच्या हातात फडकं धरायची ताकद उरली नाही म्हणून राहिलेले. मी ओट्यावर येऊन बसलो. रागावायचं तरी कुणावर, हेही आजीनं शिल्लक ठेवलं नाही.

थोड्या वेळानं आतून आवाज आले. आत्या विचारत होती, "माजं नाव का न्हाई घेतलं वैनी?"

आई मग म्हणाली, "ह्या घरातनं सासूबाईंनी एकीला बी बोल लावून धाडली न्हाई. परक्याच्या लेकी हुत्या त्या. तुमी तर ह्या घरच्या."

आत्या रडायला लागली. ह्या खेपेला आवाज नव्हता. मी दारातून बघितलं तर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, एवढी धिप्पाड बाई, आणि आई तिच्या केसांतली वाळलेली माती बोटांनी काढत होती.

तेरावं झालं. माणसं जेवून गेली. गावात बोभाटा झालाच; दादासाहेबांनी कमी केला नाही. पंगतीत दोघी-तिघी आईकडं बघून कुजबुजल्या. आईनं त्यांना आग्रह करकरून बुंदी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, वन्सं आज निघणार, लुगडं-चोळी घेऊन ये, आणि हलकं आणू नको. मी काळेवाडीला गेलो. दुकानदार विचारत होता रंग कोणता, काठ कसला, आणि मी तिथं उभं राहून विचार करत होतो, की जिच्यामुळं घर गेलं तिच्यासाठी मी काठ निवडतोय. माणसाला काय काय करावं लागतं. हिरवं घेतलं, रुंद काठाचं.

आत्या ते घेईना. पिशवी उचलून तशीच निघाली होती. म्हणाली, माझं तोंड नाही ह्या घरचं लुगडं नेसायचं. आईनं तिला उंबऱ्यात अडवलं.

"घर रस्त्यात जायाचं ते जाईल, वन्सं. पर तुमी इथनं मोकळ्या हातानं गेला, तर सासूबाईंचं नाव मी खरंच पुसलं म्हणायचं."

आत्या परत फिरली. दिव्यानं तिची ओटी भरली, आई लांब उभी राहून काय काय घालायचं ते सांगत होती. आत्यानं नवं लुगडं नेसलं, आईच्या गळ्यात पडली, आजीच्या फोटोला हात लावला आणि बाहेर आली.

तोवर मी तिच्याशी चार दिवसांत एक शब्द बोललो नव्हतो. रिक्षा आली. मी पिशवी आत ठेवली, तिचा हात धरून तिला बसवलं. तिचा पंजा खरखरीत, बोटांच्या पेरांत अजून पांढरी माती भरलेली. माझा राग गेला होता असं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं, आमच्या घरातून लेक निघाली की जे म्हणतात तेच.

"आत्या, दिवाळीला ये."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं घराकडं.

"कुटं येऊ, धनेश?"

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, निघायचं का.